खान्देशातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र: इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं विद्यापीठ अकरावीतच ठरतं

माननीय प्राचार्य आणि करिअर मार्गदर्शन कक्षाचे शिक्षक,
जळगाव, धुळे, नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की हल्ली आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, इन्व्हेस्टमेंट बँकिंगला जायचंय, कुठलं विद्यापीठ घेऊ?" त्याला बहुतेक वेळा मिळणारं उत्तर असं: बी.कॉम. कर, मग एमबीए फायनान्स कर, पुढचं पुढे बघू. उत्तर चुकीचं नाही, पण त्यावर विसंबून पाच वर्षं घालवलेली मुलं शेवटी खाजगी बँकेचे क्रेडिट कार्ड विकताना दिसतात. ते काम कमी प्रतीचं आहे असं आम्हांला म्हणायचं नाही. मुलानं मागितलं एक आणि त्याला मिळालं दुसरं, इतकंच.

आधी कामाचं स्वरूप, कारण नावात 'बँक' असल्यामुळे पालकांचा गोंधळ होतो. इथं ठेवी नाहीत, पीककर्ज नाही, काउंटर नाही. कंपनीला भांडवल उभं करून द्यायचं आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे, विलीनीकरणाचे सौदे जमवून द्यायचे, हे काम. कंपनीचा आयपीओ (म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकणं) हाताळणाऱ्या संस्थेला सेबीकडे मर्चंट बँकर म्हणून नोंदणी करावी लागते. शेअर हा प्रकार खान्देशाला नवा नाही. 1945 साली अमळनेरला सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीचे शेअर ज्यांनी जपून ठेवले, त्या घरांत विप्रो (त्याच कंपनीचं आजचं नाव) म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण शेअर सांभाळणं वेगळं आणि कंपनी बाजारात आणणं वेगळं.

वर्गात उदाहरण द्यायचं तर जळगावचंच घ्या. जैन इरिगेशननं आपला परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्युलिस या कंपनीत विलीन केला. सौदा जून 2022 मध्ये जाहीर झाला, मार्च 2023 मध्ये पूर्ण झाला. एकत्र झालेल्या कंपनीत सिंगापूर सरकारची गुंतवणूक कंपनी टेमासेक हिच्याकडे 78 टक्के आणि जैनकडे 22 टक्के हिस्सा राहिला. त्या व्यवसायाची किंमत किती धरायची, रोख किती घ्यायची, हिस्सा किती ठेवायचा, कर्जाचा बोजा किती उतरतो, हे आकडे मांडून दोन्ही बाजूंना एका टेबलावर आणायचं, हे इन्व्हेस्टमेंट बँकरचं काम. आठवड्याला 80 तास काम यात नेहमीचं आहे, तेही मुलांना आधीच सांगून टाका.

आता विद्यापीठ. या क्षेत्रात भरतीची पद्धत सरकारी नोकरीसारखी नाही. जाहिरात निघाली, सगळ्यांनी अर्ज केला, परीक्षा झाली, असं होत नाही. बँका ठरावीक कॅम्पसवर जातात आणि तिथूनच मुलं उचलतात. बाकीच्यांना ओळखी काढून, ईमेल पाठवून, इंटर्नशिप मिळवून आत शिरावं लागतं. म्हणून नॅकची (कॉलेजांच्या मूल्यांकनाची) श्रेणी आणि एनआयआरएफचा (केंद्र सरकारच्या क्रमवारीतला) क्रमांक यांवरून या कामासाठी कॉलेज निवडण्यात अर्थ नाही. एनआयआरएफ अध्यापन, संशोधन, निकाल, समावेशकता आणि लौकिक मोजते. तिथं कोटक किंवा जेएम फायनान्शियलसारख्या मर्चंट बँकेचा माणूस मुलाखती घ्यायला येतो का, हे त्यात कुठंच नसतं.

आणि तो येतो एवढंही पुरत नाही. कोणत्या खुर्चीसाठी येतो ते बघावं लागतं. एकाच मोठ्या परदेशी बँकेच्या नावाखाली तीन प्रकारची कामं असतात. सौदे करणारं फ्रंट ऑफिस, जोखीम आणि नियमपालन पाहणारं मिडल ऑफिस, आणि व्यवहारांचा ताळमेळ, केवायसी, सेटलमेंट करणारं बॅक ऑफिस. बंगळूर, हैदराबाद, पुणे इथं या बँकांची मोठमोठी केंद्रं आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जागा तंत्रज्ञान किंवा ऑपरेशन्सच्या असतात. कॉलेजच्या बॅनरवर मात्र फक्त बँकेचा लोगो लागतो. ऑपरेशन्समधून डील टीममध्ये सरकता येतं असं मुलांना सांगितलं जातं. प्रत्यक्षात हे क्वचितच घडतं. दोन्हीकडची भरती वेगळी, पगाराची उतरंड वेगळी आणि बहुतेक वेळा शहरही वेगळं.

त्यामुळे प्लेसमेंटचा अहवाल वाचता येणं ही खरी कला आहे, आणि ती शिकवण्यासाठी एक तास पुरतो. पहिली गोष्ट, 'हायेस्ट पॅकेज' या ओळीवर बोट ठेवून ती झाकून टाका. रावेर-बऱ्हाणपूरचा जाहीर केळीभाव आणि बांधावर हातात पडणारा भाव यांत जे अंतर असतं, तेच त्या ओळीत आणि साध्या मुलाच्या ऑफर लेटरमध्ये असतं. सरासरीही फसवते, दोन-तीन मोठे आकडे तिला वर ओढतात. बघायचा तो मध्यक, म्हणजे मीडियन. मग पाहायचं की एकूण विद्यार्थी किती आणि अहवालात मोजलेले किती. 'पात्र विद्यार्थ्यांपैकी 100 टक्के' असं लिहिलं असेल तर पात्र कुणाला धरलं हे विचारायचं. त्यानंतर 'बीएफएसआय' नावाचा रकाना, म्हणजे बँका, वित्तसेवा आणि विमा. यात विमा विकणारा, गृहकर्जाचा सेल्स ऑफिसर आणि विलीनीकरणाचं मॉडेल बांधणारा विश्लेषक, तिघंही एकाच आकड्यात बसतात. कॉलेजला सरळ ईमेल करून विचारायचं: गेल्या तीन वर्षांत कोणत्या संस्थेनं कोणत्या पदासाठी, कोणत्या शहरात, किती मुलं घेतली? जे कॉलेज पदनाम सांगत नाही, त्यानं उत्तर दिलंच असं समजा. आयआयएम अहमदाबादसारख्या संस्था ठरलेल्या मानकांनुसार तपासून घेतलेले अहवाल काढतात. त्यांत दरवर्षीचा ठरलेला पगार, एकदाच मिळणारी रक्कम आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम वेगवेगळी दाखवलेली असते. तो एक अहवाल मुलांसमोर ठेवला की बाकीच्यांच्या रंगीत पुस्तिका वाचायची नजर आपोआप येते.

हे झालं बारावीनंतरचं. पण खान्देशातल्या मुलाचं गाडं अडकतं त्याच्या दोन वर्षं आधी, अकरावी कॉमर्सला विषय घेताना. गणित घ्यायचं की एस.पी. (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)? आपल्याकडे बहुतेक मुलांना एस.पी. सुचवलं जातं. टक्केवारी वाढते, निकाल चांगला दिसतो, आणि अनेक ठिकाणी कॉमर्सला गणित शिकवणारा शिक्षकच नसतो. फॉर्मवरच्या या एका खुणेनं किती दारं बंद होतात ते पाहा. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला गणित लागतंच. शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीजच्या बीएमएस आणि बीबीए फायनान्शियल इन्व्हेस्टमेंट अ‍ॅनालिसिसलाही लागतं. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सच्या बी.कॉम. ऑनर्सला गणिताऐवजी अकाउंटन्सी चालते, म्हणजे एस.पी. घेतलेल्या मुलाला तिथं एक फट उरते. पण त्याच कॉलेजचं अर्थशास्त्र त्याच्यासाठी संपलं. आणि पुढे कॅट (आयआयएमची प्रवेशपरीक्षा) आहेच, तिथं संख्यात्मक प्रश्नांपासून सुटका नाही.

दिल्लीचा प्रवेश 2022 पासून सीयूईटीवर, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेवर होतो. बारावीच्या गुणांचा उपयोग आता उत्तीर्ण होण्यापुरता आणि बरोबरी फोडण्यापुरता. आपल्या मुलांच्या इथं तीन चुका होतात. एक, विषय चुकतात. बुक-कीपिंगवाल्यानं अकाउंटन्सी निवडायची, ओसीएमवाल्यानं (वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन) बिझनेस स्टडीज, एस.पी.साठी वेगळा पेपर नाही. बारावीला जो विषय नव्हता त्याचा पेपर देऊन गुण मिळवले तरी दिल्ली विद्यापीठ ते प्रवेशासाठी धरत नाही. परीक्षेला बसू दिलं म्हणजे प्रवेशाला पात्र झालो, असं नाही. दोन, अभ्यासक्रम. सीयूईटीचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीवर असतात. आपल्या बोर्डाच्या कॉमर्स गणितात मॅट्रिक्स, अवकलन, संकलन, रेषीय प्रायोजन, संभाव्यता आहे, शिवाय विमा, वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी आहे. हे 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स'ला बरंच जवळ आहे. पण जे प्रकरण आपल्या पुस्तकात नाही त्याची यादी शिक्षकानं दिवाळीच्या आधी काढून द्यायला हवी. तीन, अर्ज. सीयूईटी दिली की काम संपलं असं मुलं धरून चालतात. दिल्ली विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करून कॉलेज आणि अभ्यासक्रमांच्या जोड्यांचा पसंतीक्रम भरावा लागतो. तो भरलाच नाही म्हणून जागा गेली, असं दर वर्षी कुठेतरी होतं.

कागदपत्रांचंही याच ओघात सांगतो, कारण ऐनवेळी सगळ्यात जास्त धावपळ इथंच होते. केंद्रीय विद्यापीठं आणि आयआयएमसाठी ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याची यादी आणि केंद्राची यादी एक नाही. राज्याचं एसईबीसी (मराठा) आरक्षण तिकडे चालत नाही. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) चालतं, पण त्याला आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेसोबत जमिनीची अट आहे: कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर दाखला मिळत नाही. कोरडवाहू असो की केळीची, अट एकच. सातबाऱ्यावर एकत्र कुटुंबाची नावं असलेल्या घरांनी हे मार्चमध्येच तलाठ्याकडे बसून बघावं.

मुंबईचा पर्याय खान्देशाला सोयीचा. कामाचं ठिकाणही तेच आहे, आणि हा फायदा लोक कमी लेखतात. बहुतेक देशी मर्चंट बँकांचे डील करणारे विभाग मुंबईतच आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा लोअर परळला दुपारी जाऊन संध्याकाळी परत येता आलं तर दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिप होते. झेवियर्स, एनएमआयएमएस, एच.आर., जयहिंद, नरसी मोनजी, पोदार ही नावं भरती करणाऱ्यांच्या ओळखीची. यांत फीचा फरक प्रचंड आहे. एनएमआयएमएसला वर्षाचे काही लाख, अनुदानित बी.कॉम.ला काही हजार. राज्यात 2024 पासून बीबीए, बीएमएस, बीसीएसाठी सीईटी सुरू झाली, आणि काही कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून ते बी.कॉम.च्या छत्राखाली नेलं. त्यामुळे प्रत्येक कॉलेजचा प्रवेश कोणत्या मार्गानं आहे हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, सिनियर मुलाच्या सांगण्यावर जाऊ नका. शिरपूरला एनएमआयएमएसचं कॅम्पस आहे म्हणून काही पालक 'घरच्या जवळ तेच मिळेल' असं धरतात. नाव सारखं असलं तरी भरती कॅम्पसनिहाय होते.

बारावीनंतर थेट आयआयएम हवं असेल तर इंदूरचा पाच वर्षांचा आयपीएम (पदवी आणि एमबीए सलग) आहे, 2011 पासून. भुसावळहून खंडवामार्गे इंदूर दिल्लीपेक्षा कितीतरी जवळ. प्रवेशपरीक्षेत गणिताचे दोन विभाग, एक पर्यायी उत्तरांचा आणि एक लिहून उत्तर द्यायचा. कुठल्याही शाखेचं मूल बसू शकतं, पण दहावीनंतर गणित सोडलेलं मूल तिथं टिकत नाही. फी जड आहे, तिचा हिशोब पाच वर्षांचा धरा.

घर सोडणं शक्यच नसेल तर? हा प्रश्न मुलींच्या बाबतीत जास्त येतो आणि त्याला टाळाटाळीचं उत्तर देऊ नये. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी घेऊन या क्षेत्रात जाता येतं, मात्र पदवी एकटी पोचवत नाही. तिच्या जोडीला सीए किंवा वरच्या श्रेणीतलं एमबीए लागतं. सीएची फाउंडेशन आणि इंटर जळगावात राहून होऊ शकते. निर्णायक ठरते ती आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली उमेदवारी. नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. ती दोन वर्षं गावातल्या फर्ममध्ये जीएसटी रिटर्न आणि टॅक्स ऑडिट करण्यात गेली तर सीए उत्तम होईल, पण डील टीम त्याला बोलावणार नाही. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या फर्मच्या व्हॅल्युएशन किंवा ट्रान्झॅक्शन अ‍ॅडव्हायजरी विभागात आर्टिकलशिप झाली तर चित्र बदलतं. स्टायपेंड थोडा, खोलीभाडं जास्त. ही तफावत भरून काढायची तयारी घरात आधी व्हावी. दोन्ही ग्रुप एका झटक्यात सुटले का, हे भरती करणारे बघतात. अन्याय्य वाटेल, पण बघतात.

एसएमई आयपीओचं दारही आहे. बीएसई आणि एनएसईनं छोट्या कंपन्यांसाठी वेगळे मंच 2012 साली सुरू केले. त्यांचं काम करणाऱ्या लहान मर्चंट बँका आयआयएमचा शिक्का मागत नाहीत. सीए, सीएस किंवा चांगला बी.कॉम. झालेला मुलगा तिथं ड्यू डिलिजन्स (कंपनीची सखोल छाननी) करतो, प्रॉस्पेक्टसचा मसुदा लिहितो, सेबी-एक्सचेंजच्या शंकांना उत्तरं तयार करतो. जळगावची डाळ, पाइप, चटई आणि धुळ्या-शिरपूरचं कापड या धंद्यांची आतली भाषा येणारा मुलगा अशा टीमला उपयोगी पडतो.

एमबीएबद्दल थोडक्यात. अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता ही तीन आयआयएम, दिल्लीचं एफएमएस, आयएसबी, आणि मुंबईत जमनालाल बजाज व एसपी जैन. डील टीमच्या जागा मुख्यतः या टापूत फिरतात. फीच्या मानानं एफएमएस आणि जमनालाल बजाज फार स्वस्त पडतात. आयआयएमची दोन वर्षांची फी 25 लाखांच्या आसपास किंवा वर. इथं एक गोष्ट मुलांना फार उशिरा कळते. उन्हाळी इंटर्नशिपची निवड पहिल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच होते, म्हणजे कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून चार-पाच महिन्यांत. एवढ्यात नवीन काही कमावता येत नाही. बँक बघते ते आधीचंच. दहावी-बारावीचे गुण, पदवी, सीए, आधीची नोकरी. अहमदाबाद तर मुलाखतीला बोलावतानाच दहावी, बारावी आणि पदवीचे गुण धरते.

परदेशाचं सांगायचं तर इंग्लंडमध्ये एलएसई, ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल, यूसीएल, वॉरिक आणि अमेरिकेत व्हार्टन, एनवाययू स्टर्न, कोलंबिया, मिशिगन ही नावं चालतात. यांखेरीजच्या विद्यापीठात 'एमएस्सी फायनान्स' घेऊन तिथल्या बँकेत लागण्याची शक्यता फार कमी. एलएसईच्या फायनान्स मास्टर्सची नुसती फी 50 लाखांच्या पुढे जाते. इंग्लंडमध्ये शिक्षणानंतर राहायला मिळणारी दोन वर्षं आता 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांसाठी 18 महिन्यांवर येत आहेत. एक वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्या मुलाला पोचल्या महिन्यातच नोकरीचे अर्ज भरायचे असतात, हे एजंट सांगत नाही.

आणि पैसा. खान्देशात घराची पत शेतीत असते, तर बँकेच्या लेखी शैक्षणिक कर्जाला शेतजमीन जवळजवळ निरुपयोगी. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला थेट ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम 31 मध्ये शेतजमिनीवरचं तारण वगळलेलं आहे, म्हणून बँका एनए प्लॉट, घर किंवा मुदत ठेव मागतात. दहा एकर बागायत असलेला बाप हात हलवत परत येतो आणि गावठाणात पक्कं घर असलेल्या शिक्षकाचं कर्ज मंजूर होतं. दुसरी अडचण, शेती उत्पन्न करमुक्त म्हणून आयटी रिटर्न भरलेलं नसतं आणि सहकर्जदाराचं उत्पन्न दाखवता येत नाही. निदान दोन-तीन वर्षं आधीपासून रिटर्न भरायला लागा. चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतीची तरतूद आहे. ही योजना निवडक संस्थांपुरती आहे, म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्था यादीत आहे का ते बघायचं. प्रवेश झाल्यावर बघून उपयोग नाही.

'शंभर टक्के प्लेसमेंट'वाले सहा महिन्यांचे इन्व्हेस्टमेंट बँकिंगचे क्लास सध्या जळगावच्या रिंगरोडपर्यंत जाहिराती लावतात. त्यांतून लागणाऱ्या नोकऱ्या मुख्यतः वर सांगितलेल्या ऑपरेशन्सच्या. लाख-दीड लाख भरण्याआधी एनआयएसएमची (सेबीची प्रशिक्षण संस्था) मर्चंट बँकिंगची सिरीज-9 परीक्षा द्यायला सांगा. फी दीड-दोन हजारांच्या घरात, अभ्यासाचं पुस्तक सोबत. सेबीच्या संकेतस्थळावर प्रत्येक आयपीओचा मसुदा फुकट असतो. त्यातलं 'इश्यूची उद्दिष्टं' आणि 'इश्यू किमतीचा आधार' ही दोन प्रकरणं दर महिन्याला एका कंपनीची वाचली तरी मूल क्लासवाल्याच्या पुढे जाईल.

मुलाखतीत काय विचारतात याचा एक नमुना, कॉमर्सच्या शिक्षकांसाठी. "घसारा 10 रुपयांनी वाढला. तिन्ही पत्रकांत काय होईल? कर 25 टक्के." नफातोटा पत्रकात करपूर्व नफा 10 नं घटतो, कर अडीच रुपयांनी घटतो, निव्वळ नफा साडेसातनं कमी. रोख प्रवाहात उणे साडेसात, त्यात घसाऱ्याचे 10 परत मिळवा, कारण ते खिशातून गेलेलेच नाहीत. रोकड अडीचनं वाढली. ताळेबंदात स्थिर मालमत्ता 10 नं कमी, रोकड अडीचनं जास्त, एकूण मालमत्ता साडेसातनं खाली; समोर राखीव निधीही साडेसातनं खाली. ताळेबंद जुळला. यातला एकही भाग बारावीच्या बुक-कीपिंगच्या फार पलीकडचा नाही. आपल्याकडे नोंदी पाठ करून घेतात आणि तिन्ही पत्रकं एकमेकांना कुठं जोडलेली असतात हे दाखवायचं राहून जातं.

मागणी मोठी नाही. कॉमर्सच्या निदान एका तुकडीला गणित चालू ठेवा; शिक्षक मिळत नसेल तर विज्ञान शाखेच्या शिक्षकाचे तास वाटून घ्या, किंवा शेजारच्या दोन कॉलेजांनी मिळून एक नेमा. अकरावीचा प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला असला तरी विषयाची टिक मुलगा आपल्याच खिडकीवर करतो. त्या खिडकीवरच्या कारकुनाकडे एक पानाचा तक्ता असू द्या: गणित नसेल तर कोणते अभ्यासक्रम बंद. केंद्रीय नमुन्यातल्या दाखल्यांचं शिबिर एप्रिलमध्ये घ्या. प्लेसमेंट अहवाल वाचायला शिकवण्यासाठी आमच्यापैकी कुणीही यायला तयार आहे, मानधन-प्रवासखर्च नको. फक्त हॉलमध्ये प्रोजेक्टर असावा, आणि समोर बारावीऐवजी दहावीची मुलं आणि त्यांचे पालक बसलेले असावेत.

आपले,
मर्चंट बँकिंग, मूल्यांकन आणि सीए व्यवसायात काम करणारे खान्देशातले काही जण